गुडघ्याएवढा ओटा

साळूबाई गेल्या हे गावाकडं देवगाव रंगारीला त्याच दुपारी कळलं. पुण्यातल्या लेकाला कळलं, चितेगावच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींना कळलं. बिल्डिंगला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण सेक्रेटरीनं लिफ्टमध्ये कागद चिकटवला. बिल्डिंगसमोरच्या रस्त्याला मात्र ते बाविसाव्या दिवशी कळलं.

याला कारण गेटचा उतार. देवळाईच्या अंगाला कैलासदीप रेसिडेन्सी बांधताना बिल्डरनं पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून पार्किंग रस्त्यापेक्षा बत्तीस इंच उचलून घेतलं होतं. बत्तीस हा आकडा अंदाजानं सांगितलेला नाही, साळूबाईंचे यजमान रामकिसनराव शेजूळांनी तो पुढं टेप लावून तीन वेळा मोजला. त्या बत्तीस इंचांवर सहा फुटी कंपाउंड आणि कंपाउंडवर लोखंडी भाले. रस्त्यावरच्या माणसाला नुसती भिंत दिसायची आणि भिंतीवर सहा मजल्यांच्या गॅलऱ्या. गेटात शिरायला असा चढ की स्कूटीवरच्या बायका आधी देवाचं नाव घ्यायच्या आणि मग ॲक्सिलेटर पिळायच्या. वैकुंठरथाच्या ड्रायव्हरनं तो चढ बघितला, गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मागं गेट हाय का दुसरं? इथं बूड टेकतंय गाडीचं."

मागं गेट होतं. त्या गडबडीत कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. साळूबाई मागच्या गल्लीनं गेल्या, आणि त्या गल्लीत त्यांना ओळखणारं एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला खालून हाक आली. "आक्काऽऽ! ए आक्का!"

रामकिसनराव तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आले. खाली भाजीची गाडी लावून कस्तुराबाई उभी होती. शेंद्र्याकडची बाई. सहा वर्षं रोज दिसायची, पण त्यांच्या लेखी ती 'भाजीवाली' होती, त्यापुढं काही नाही.

"दाजी, आक्का कुठाय? गावाला गेली म्हणावं तर तीन हप्ते झाले की!"

आपण या रस्त्याचे दाजी आहोत, हे रामकिसनरावांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. अशी गोष्ट तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगायची नसते. ते लिफ्टनं खाली आले, पार्किंग ओलांडलं आणि गेटाच्या गजांमधून कस्तुराबाईला सांगितलं.

आता आपल्याकडं अशी बातमी माणूस उभ्यानं ऐकत नाही. ऐकलं की मटकन बसायचं, तोंडाला पदर लावायचा, पुढचं सगळं त्यानंतर. कस्तुराबाईनं तराजू ठेवला आणि बसायला जागा बघितली. इकडं भिंत, तिकडं नाली. ती गेटाच्या उतारावर टेकली. उताराला गुळगुळीत फरशी होती, त्यामुळं ती बसली तशी वीतभर खाली घसरली. पदर तोंडाला लावते न लावते तोच मागून एका कारनं हॉर्न दिला.

"मावशी, उठा," वॉचमन म्हणाला. "गाडी यायलीय."

कस्तुराबाई उठली. गाडीच्या दांड्याला धरून उभ्यानंच रडली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं मेथीच्या दोन जुड्या दिल्या.

रामकिसनराव वर आले आणि जेवले नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यात स्टोअर सांभाळलं होतं. नटबोल्टापासून पट्ट्यांपर्यंत प्रत्येक वस्तूला तिथं जागा होती, आणि जागा नसलेली वस्तू त्यांना आयुष्यात सहन झाली नव्हती. आपल्या बायकोसाठी एका बाईला बसून रडायचं होतं आणि त्याला जागा नव्हती. त्यांनी ठरवलं, भिंतीला रस्त्याच्या बाजूनं एक ओटा करायचा. चार माणसं बसतील एवढाच. तोही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि साळूबाईंची ही पहिलीच आखाजी. घागर तिसऱ्या मजल्यावर भरून तहान कोणाची भागणार?

आखाजीला सव्वादोन महिने होते. चार माणसांच्या ओट्याला एवढे दिवस म्हणजे फार झाले, असं त्यांना वाटलं. ते कारखान्यातून रिटायर झालेले होते, सोसायटीच्या कारभारात मात्र नवखेच होते.

सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब हे सरकारी खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी आयुष्यभर कालवे बांधले होते. पाणी सोडणं दुसऱ्या शाखेकडं होतं, त्यामुळं पाण्याबद्दल त्यांना काही विचारलेलं चालत नसे. त्यांनी रामकिसनरावांचा अर्ज मीटिंगमध्ये वाचला.

"रस्त्याच्या बाजूनं ओटा?" दोनशे एकमधल्या द्वारकाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर बसणार कोण?"

"माणसं," रामकिसनराव म्हणाले.

"तेच तर म्हणते मी!" द्वारकाबाई म्हणाल्या आणि सगळ्यांकडं बघून हात उडवले.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, ओट्यावर दारुडे बसतात. दुसरा म्हणाला, दारुडे बसत नाहीत, झोपतात, बसतात ती कॉलेजची पोरं. तिसऱ्यानं सुचवलं की ओटा करा, पण त्याला वरून उतार द्या, म्हणजे ओटाही होईल आणि कोणी बसणारही नाही. ही सूचना बऱ्याच जणांना पटली. शेवटी तोडगा असा निघाला की पार्किंगमध्ये, आतल्या बाजूला, स्टीलचा बाक बसवावा आणि त्यावर साळूबाईंचं नाव घालावं. बाक बसवला. तो सात नंबरच्या खांबाकडं तोंड करून होता आणि खांबाला टेकून द्वारकाबाईंची स्कूटी असायची. रामकिसनराव दोन संध्याकाळी त्या बाकावर बसले. स्कूटीचा नंबर त्यांना पाठ झाला. कस्तुराबाईला आत यायला वॉचमनची मनाई होती. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि वॉर्ड ऑफिसला गेले.

वॉर्ड ऑफिसातला कारकून भला माणूस होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला. "काका, भिंतीच्या बाहेरची तीन फूट जागा सरकारची. तिथं वीट ठेवली की अतिक्रमण."

"मग परवानगी द्या."

"भिंत बांधायची परवानगी आहे आमच्याकडं. वाढवायची आहे, पाडायची आहे. बसायची नाही."

"म्हणजे बसायला परवानगी लागत नाही?"

"लागत नाही असं नाही. तिचा फॉर्म नाही."

रामकिसनरावांनी चष्मा काढून पुसला. एवढं मोठं शहर, रोज नवी बिल्डिंग उभी राहतेय, आणि रस्त्याकडेला बूड टेकायचं असेल तर सरकारदरबारी त्याला नावच नाही! त्यांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आश्चर्यच जास्त वाटलं. कारकुनाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हळूच विचारलं, "कोणासाठी करायलाव, काका?" रामकिसनरावांनी सांगितलं. कारकून म्हणाला, "भिंतच आत घ्या की मग. तुमच्या हद्दीत ओटा करा, हद्दीतच बसा. आमचा काय संबंध?"

ही युक्ती तात्यासाहेबांना सांगितली तेव्हा एक नवल घडलं. तात्यासाहेबांनी पेन्सिल मागितली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्यांच्याकडं कोणी ड्रॉइंग मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चार कागद घेऊन रामकिसनरावांच्या दारात हजर. दहा फूट लांबीत भिंत पाडायची. आतला भराव अडीच फूट कापायचा. कापलेल्या ठिकाणी दगडी कड बांधून घ्यायची, तिच्यापुढं ओटा, आणि कडेच्या वर मागची भिंत पुन्हा जशीच्या तशी. नॉर्थ दाखवणारा बाणसुद्धा काढला होता.

"ओट्याला उत्तर दिशा कशाला, तात्यासाहेब?"

"ड्रॉइंगला लागते," तात्यासाहेब म्हणाले.

ठराव मंजूर झाला. एकच अट, 'मागील भिंत पूर्ववत बांधून देणे.' ही अट द्वारकाबाईंनी घालायला लावली आणि सेक्रेटरीकडून दोनदा वाचून घेतली.

भिकन मिस्त्री आला. त्यानं ड्रॉइंग उलटं धरलं, सुलटं धरलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "काका, उंची किती घ्यायची?"

"लिहिलीय ना. अठरा इंच."

"इंचात नसती वो. ओटा गुडघ्यावर असतो. बसणाराचा गुडघा जेवढा तेवढा ओटा. जास्त झाला तर पाय लोंबतात, कमी झाला तर उठता येत नाय. आमच्या बापानं जल्मात टेप लावला नाय ओट्याला. घरच्या मालकिणीला उभं करायचा आन् दोरी धरायचा." मग जरा थांबून म्हणाला, "गुडघा कोणाचा धरायचा ते सांगा."

ज्या मालकिणीचा धरायचा ती नव्हती. बरं, एक्केचाळीस वर्षं संसार करूनही तो किती इंच होता हे रामकिसनरावांना माहीत नव्हतं. कोणत्या नवऱ्याला असतं? पण एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला अशा वेळी एकच मार्ग ठाऊक असतो. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि रकाने आखले. नाव, गुडघा, शेरा. टेप घेतला आणि संध्याकाळी पाच वाजता कस्तुराबाईच्या गाडीशी जाऊन उभे राहिले.

"काय करू लागले दाजी?"

"उभी राहा सरळ. गुडघा मोजायचाय."

"मायबाई!" कस्तुराबाई म्हणाली. पण कारण ऐकलं तशी सरळ उभी राहिली. चौदा इंच. "आन् शेरा म्हंजी काय?"

"काही सांगायचं असेल तर."

कस्तुराबाईनं विचार केला. "लिवा, आक्का रोज कांदे निवडू लागायची."

"रोज? कुठं?"

"इथंच की. टमाट्याचं रिकामं क्यारेट पालथं घालून बसायची. पाचला यायची ती साडेसहापस्तोर."

सहा वर्षं रामकिसनरावांची अशी समजूत होती की पाच ते साडेसहा साळूबाई महादेवाच्या देवळात असतात.

"देवळात बी जायची की," कस्तुराबाई त्यांचं तोंड बघून घाईनं म्हणाली. "जाता जाता. पाच मिनटं."

मग रिक्षावाले खाजाभाई आले. सहा फुटी माणूस. टेप बघून हसायला लागले. "चाचा, पतलून सिलारें क्या मेरी?" साडेएकोणीस इंच. आणि शेरा? खाजाभाईंचं हसू गेलं. "खाला रोज पूछते थे, अम्मी की दवा ली के नै. मैं भूल जाता था, उनो नै भूलते थे. लिखो चाचा, अम्मी अबी बी पूछती, वो दवा का पूछनेवाली बाई कैसी है."

इस्त्रीवाला बन्सी, सतरा. शेरा, धाकट्या मुलीचं नाव आक्कांनी ठेवलं. नातीला शाळेतून आणणाऱ्या मनकर्णाबाई, पंधरा. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "आम्ही दोघी एकाच बाटलीतलं तेल लावायचो गुडघ्याला. बाटली माझ्याकडं असायची. घरी कळलं तर उगी दवाखान्यात नेतील म्हणायच्या."

रामकिसनरावांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग टेप गुंडाळून खिशात ठेवला आणि त्या दिवशी आणखी कोणाचा गुडघा मोजला नाही.

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी लोक आपण होऊन यायला लागले. दूधवाला आला, औषधाच्या दुकानातला पोरगा आला, घंटागाडीवरच्या दोन बाया हातातले मोजे काढून, पाय पुसून उभ्या राहिल्या. सहाव्या दिवशी रजिस्टरात त्रेपन्न गुडघे झाले. त्रेपन्न! बिल्डिंगमध्ये बेचाळीस फ्लॅट आणि सहा वर्षांत रामकिसनरावांना नावानं ठाऊक असलेली माणसं अकरा. ते एखाद्याला 'नमस्कार' म्हणायलाही लिफ्टचं दार बंद व्हायची वाट बघायचे. आणि ही बाई पालथ्या क्यारेटवर बसून त्रेपन्न घरांत पोचली होती. त्यातल्या एकाही घराचा उंबरा तिनं ओलांडला नव्हता. ते रजिस्टर पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. कारखान्यात एकदा त्यांनी जर्मनीहून आलेलं मोठं मशीन खोक्यातून निघताना बघितलं होतं. तेव्हा असेच तोंड उघडं टाकून उभे राहिले होते.

बेरीज केली, भागाकार केला. सोळा आणि काही अपूर्णांक.

"सोळा," भिकन मिस्त्री म्हणाला. "अपूर्णांकावर कोणी बसत नाय."

भिंत फोडली. दहा फूट भिंत, काम अर्ध्या दिवसाचं. चांगल्या निघालेल्या विटांचा ढीग कडेला रचला, आणि ढीग पुरता रचून व्हायच्या आत त्यावर मनकर्णाबाई नातीसह बसल्या. शेजारी बन्सी बसला. कस्तुराबाईनं क्यारेट दिलं सोडून आणि तीही विटांवरच बसली. भिकन वीट मागायला यायचा आणि परत जायचा.

"अहो उठा की, वीट पायजे मला!"

"त्या टोकाची घे बाबा. तिथं कोणी नाय."

"त्या टोकाला काल खाजाभाई बसले होते, ती मोडली."

ओटा तयार व्हायच्या आधीच भरला होता. दुसरी गंमत अशी की पार्किंगमधून आता थेट रस्ता दिसायला लागला. द्वारकाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सगळं उघडं पडलं." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जरा वारं येतंय, एवढंच." तिसऱ्या दिवशी त्या पार्किंगच्या कडेला उभ्या राहून वरूनच हात लांबवून कस्तुराबाईकडून कोथिंबीर घेताना दिसल्या. रामकिसनरावांनी नमस्कार केला तेव्हा त्यांनी जुडी पाठीमागं लपवली.

ओटा झाला. दहा फूट लांब, अडीच फूट रुंद, रस्त्यापासून बरोबर सोळा इंच, वर शहाबादी फरशी. ओट्यामागं पार्किंगच्या उंचीपर्यंत दगडी कड, तीही भिकननं वरून फरशी टाकून साफ करून दिली. मागची भिंत तिच्यावर यायची होती. आखाजीला तेवीस दिवस बाकी. आठ दिवस पाणी मारायचं, मग भिंत घ्यायची, असं ठरलं. नळाला पाणी यायचं त्याच्या मर्जीनं, तेव्हा फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादल्यांत साठवून ओट्यावर टाकायचं असं द्वारकाबाईंनीच सुचवलं आणि पहिली बादलीही त्यांचीच आली.

पाणी मारायच्या सहाव्या दिवशी रस्त्यावर यंत्रं आली.

सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता. कधी झाला होता ते कोणाला माहीत नव्हतं, पण झाला होता. दोन्ही टोकांना पत्रे लावून रस्ता बंद केला. कस्तुराबाईची गाडी पलीकडच्या कॉलनीत गेली, बन्सीनं टेबल उचललं, खाजाभाई फिरून जायला लागले. पहिल्या दिवशी खडी पडली. तात्यासाहेब धावत खाली आले.

"अहो, आधी जुना रस्ता उकरा. मग करा. पातळी वाढवायची नसते!"

"उकरायचं टेंडर वेगळं असतं साहेब," सुपरवायझर म्हणाला. "ते निघालं नाही. आमचं घालायचं आहे."

कालव्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे उत्तर ऐकून कसं वाटलं असेल! पण तात्यासाहेब आले तसे परत फिरले. ते बहुधा या उत्तराच्या दुसऱ्या बाजूला पुष्कळ वर्षं उभे राहिले होते.

रामकिसनराव रोज सकाळी टेप घेऊन ओट्याची उंची मोजायला लागले. खडी दाबली, अकरा. मुरूम पडला, आठ. त्यावर पातळ सिमेंटचा थर, पाच. मग जाड काँक्रीट. ते ओतायला आलेली गाडी एवढी मोठी की गॅलरीतून बघणाऱ्या सगळ्या बिल्डिंगनं श्वास रोखून धरला. तिच्या पाठीवरचं पिंप गरगर फिरत होतं आणि तिच्या तोंडातून रस्ता बाहेर पडत होता. रामकिसनराव रागावायला म्हणून खाली गेले होते, पण तासभर नुसते बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेप लावला. ओट्याची उंची शून्य. वर नाही, खाली नाही. रस्ता आणि ओटा एका पातळीत, मध्ये सरळ रेघ.

"ओटा कुठाय हो, काका?" द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच दिसत नव्हता.

"हा काय, तुम्ही उभ्या आहात तो," रामकिसनराव म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेले.

आखाजी चार दिवसांवर आली होती. तात्यासाहेबांनी नवं ड्रॉइंग काढलं, पण भिकन मिस्त्री लग्नाला गावी गेला होता. एका लग्नाला नाही, पाच लग्नांना. आखाजीच्या तोंडावर मिस्त्री शोधणं म्हणजे काय, हे ज्यानं शोधलाय त्यालाच ठाऊक. फोन लावला तर मागं बँड वाजत होता. "काकाऽऽ," भिकन ओरडला, "आखाजी झाली की येतोऽऽ!"

लेकाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, जाऊ द्या ना आता. बाक आहे की." रामकिसनराव 'बरं' म्हणाले. त्यांना खरंच वाटलं की आता जाऊ द्यावं. फार तर काय होईल, पालथं क्यारेट पुन्हा येईल. पण क्यारेटवर एकच माणूस बसतं आणि ते आता नव्हतं.

आखाजीच्या सकाळी त्यांनी घागर घासली. साळूबाईंसारखी चकचकीत निघाली नाही. भरली, तोंडावर खरबूज ठेवलं, हळदकुंकू लावलं, गंगाळातलं पाणी तुळशीला घातलं. मग काय वाटलं कोण जाणे, घागर उचलली आणि लिफ्टनं खाली आणली. पार्किंगच्या त्या फुटक्या जागी, दगडी कडेवर नेऊन ठेवली. शेजारी एक पेला. तेवढं केलं आणि पाच नंबरच्या खांबाआड उभे राहिले, कारण असं काही करताना लोकांनी बघू नये असं त्यांना वाटत होतं.

रस्ता आदल्या दिवशीच खुला झाला होता. दहाच्या सुमाराला कस्तुराबाईची गाडी आली. नव्या रस्त्यावर गाडी इतकी हलकी चालत होती की ती तिच्यामागं पळतच आली. घागर बघून थांबली.

"आक्काची व्हय?" ती कोणाला म्हणाली कोण जाणे. खांबाआडचे रामकिसनराव तिला दिसले नव्हते.

तिनं पेला भरून घेतला, पाणी प्याली. उरलेले चार थेंब खाली सोडले. आणि मग, माणूस बसतं तशी, मागं न बघता ती खाली बसली.

रामकिसनराव खांबाआडून पुढं झुकले. ती पडणार, असं त्यांना वाटलं. पण ती पडली नाही. ती पार्किंगच्या दगडी कडेवर बसली होती. पाय खाली शहाबादी फरशीवर. तिचे पाय दोन इंच अधांतरी होते, पण तो सरासरीचा दोष. तिनं पदर तोंडाला लावला आणि बसून, निवांत, कोणी न उठवता रडली. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि एका गिऱ्हाइकाला बसल्या बसल्याच म्हणाली, "गवार चांगलीय, घ्या."

रामकिसनराव खिशातला टेप काढत खांबाआडून बाहेर आले. ते कडेशी वाकले. फरशीपासून वरपर्यंत. सोळा इंच. दुसऱ्या टोकाला मोजलं. सोळा. त्यांनी डोक्यात वजाबाकी केली, मग न पटून बोटांवर केली. बत्तीसांतून रस्त्यानं सोळा खाल्ले होते आणि सोळा ठेवले होते. ओटा रस्त्यात गेला होता आणि अख्खी बिल्डिंगच ओटा झाली होती.

त्यांनी मान वर केली. सहा मजले, बेचाळीस फ्लॅट, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, वर पाण्याच्या टाक्या. एवढं सगळं गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन थांबलं होतं, एका बाईला टेकता यावं इतक्या. हे कोणी केलं? तात्यासाहेबांनी नाही, भिकननं नाही, ठेकेदारानं तर नाहीच नाही. रामकिसनराव देवभोळे नव्हते. त्यांनी मधल्या जागी पुन्हा एकदा टेप लावला.

तात्यासाहेब वरून बघत होते. ते चपला न घालताच खाली आले, टेप मागून घेतला आणि स्वतः मोजलं.

"रामकिसनराव," ते म्हणाले, "हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं."

"नव्हतं."

"काढायला पाहिजे." पण पेन्सिल आणायला ते गेले नाहीत. त्यांनी कडेवर बसून बघितलं. मग थोडे सरकून बसले, कारण मनकर्णाबाई नातीला घेऊन आल्या होत्या. बन्सीचं टेबल परत आलं. खाजाभाईंनी रिक्षा लावली, दोन पेले पाणी प्याले आणि गुडघे वर काढून बसले. त्यांना सोळा इंच फार कमी पडत होते. द्वारकाबाई वरून आणखी एक हंडा घेऊन आल्या. "घागरीनं काय होतंय एवढ्या लोकांत?" त्या रागानं म्हणाल्या आणि हंडा ठेवून तिथंच टेकल्या.

"दाजी," कस्तुराबाई म्हणाली, "समद्यांचे गुडघे मोजले, तुमचा मोजला का?"

मोजला नव्हता. तिनं त्यांच्या हातातून टेप घेतला, त्यांना उभं केलं आणि खाली बसून मोजलं. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिनं बोट धरून दाखवलं, खाजाभाईंनी वाचलं. "सतरा."

"आन् शेरा?" ती म्हणाली.

रामकिसनरावांनी सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते एका रकान्यात मावणारं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "लिहा खाजाभाई. तिचे गुडघे दुखायचे, हे मला माहीत नव्हतं."

वॉचमननं वरून रजिस्टर आणलं आणि खाजाभाईंनी त्यात देवनागरीत सावकाश लिहिलं. मनकर्णाबाईंनी थोडं सरकून जागा केली आणि रामकिसनराव बसले.

आखाजीनंतर पाच दिवसांनी भिकन मिस्त्री आला. पाचही लग्नांचं तेज त्याच्या तोंडावर होतं. ओट्याचं काय झालं ते बघून तो आधी कपाळावर हात मारायला निघाला होता. मग कडेवर बसलेली सात माणसं बघून त्यानं हात खाली घेतला. विटा भिजवायला टाकू का, म्हणून तात्यासाहेबांना विचारलं. तात्यासाहेब कडेवर बसून मीठ लावलेली काकडी खात होते. द्वारकाबाई शेजारीच होत्या. ठरावातली अट द्वारकाबाईंची, म्हणून तात्यासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. द्वारकाबाई गवार निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"विटा राहू दे कडेला," तात्यासाहेब म्हणाले. "मीटिंगमध्ये घेऊ."

मीटिंगा त्यानंतर तीन झाल्या. मागची भिंत अजून बांधायची राहिली आहे.